बाहीला हात लावायचा न्हाई

कुत्र्याचे चावे खाऊन पोट भरनारा मानूस तुमी बगितला नसंल. माझा नवरा त्येच काम करायचा. नांदेडच्या भाईर एका रिटायर सुभेदारांचं मैदान हाय. तिथं राखनीच्या कुत्र्यांची तालीम चालती, आन वर्साकाठी लातूरला त्यांची परीक्षा ऱ्हाती. परीक्षेत एका मानसाला चोर व्हावं लागतं. हाताला जाडजूड बाही घालून आडोशामागं उभं ऱ्हायचं, मंग पळायचं, कुत्रं अंगावर आलं की बाही पुढं करायची. साहेब लोक त्याला हेल्पर म्हनत्यात. आमी बाहीवाला म्हनतो.

घरी आला की त्याचा दंड वांग्यावानी जांभळा. मी वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकायची. हूं का चूं करायचा न्हाई. पन कुत्र्याला कधी कुरवाळलं न्हाई त्यानं, भाकरीचा तुकडा घातला न्हाई.

मी एकदा म्हनले, "आवं, जिंदगी कुत्र्यांत गेली तुमची, एखांद्याच्या पाठीवरून हात तरी फिरवा."

"येडी हायस का? वळखीच्या मानसाला कोन चावतंय? आन बाहीवाल्याला समदे सारखे पायजेत. एकाला नरम, एकाला गरम, ही बेइमानी झाली."

चार वर्सं झाले, छातीत कळ आली आन गेला. लेकरूबाळ न्हाई आमाला. सुभेदार म्हनले, "बाई, खोली सोडू नका. पिंजरे झाडा, बाह्या शिवा." बाहीला वरून गोनपाट असतं. कुत्र्याच्या दातानं त्याच्या चिंध्या व्हत्यात. मंग दाभन आन सुतळी घेऊन बसायचं. तेवढं मला येतंय. बोलायला मातर कोन न्हाई. आठ आठ दिस माझा आवाज मलाच ऐकू यायचा न्हाई.

मागच्या साली एका कुत्रीचे पिल्लं रगताच्या हगवनीनं गेले. एक उरलं, काळ्या तोंडाचं. त्याला कापसाच्या बोळ्यानं भाताची पेज पाजली. माझ्या पदरात निजायचं ते. मोठं झालं तरी सांजच्याला माझ्या मांडीवर डोकं ठुवून पडायचं. मी त्याला दिसभराचं सांगायची. ते ऐकायचं.

उदगीरकडचा एक आडत्या त्याला बगून गेला. पास झालं तर नेतो म्हनला. वावरावर घर हाय, माळ हाय, मोकळं ऱ्हाईल. नापास कुत्रं कोन नेतंय? ते माझ्यापाशीच ऱ्हानार.

तालमीत ते सुसाट पळत गेलं, बाहीवर झेप घेतली, हुंगलं, आन चाटायलाच लागलं. नवा बाहीवाला मुखेडचा, चाळिशीतला. त्यो हसत खाली बसला. "सुभेदारसाहेब, ह्यानं तर माझी पप्पी घेतली! घरी काय सांगू आता?"

समदे हसले. सुभेदार हसले न्हाईत. माझ्याकडं बगून म्हनले, "बाई, बाही तुमी शिवता, आन हे तुमच्या पदरात वाढलं. त्याला वाटतंय तुमचाच हात हाय. परीक्षा हुईस्तोर त्याच्याजवळ जायचं न्हाई. बाहीला हात लावायचा न्हाई."

हाव म्हनले. दुसरं काय म्हनू?

त्याला पार कडंच्या पिंजऱ्यात नेलं. बाह्या शिवायला शेजारच्या चांभाराकडं जायला लागल्या. माझा खोकला ऐकला की ते कुईकुई करायचं. मंग मी तोंडात पदर कोंबून खोकायची. पानी आनायला विहिरीच्या मागून, लांबून जायची.

परीक्षेला दुसऱ्या कुत्र्यांचं पानी बगायला मला लातूरला नेलं. पदर धरून वारं कुनीकडचं हाय ते बगितलं, आन वास त्याच्याकडं जाऊ नये म्हून टेम्पोच्या आड बसले.

आमच्या कुत्र्याच्या आधीच्या कुत्र्यानं बाही फाडली. दुसरी बाही सकाळीच फाटून गेली व्हती. बाहीवाला धापा टाकत आला. "मावशी, दाभन काढा. दोन टाके मारा झटकन. आता आपलंच हाय."

त्याच्या ध्यानातच नव्हतं. सुभेदार लांब व्हते. कुनाला कळलं नसतं. दोन टाक्यांचं काम. नापास हुऊन सांजच्याला ते माझ्या मांडीवर आलं असतं.

मनात आलं, मी किती दिस पुरनार? मी गेल्यावर त्यानं पिंजऱ्यातच मरायचं का? आन त्यो जांभळा दंड डोळ्यापुढं आला. एकाला नरम, एकाला गरम.

पिशवीतून दाभन काढलं, माझा वास जावा म्हून मातीत दोनदा खुपसलं, मंग त्याच्यापुढं टाकलं. "तूच मार."

"मला कुठं येतंय?"

"येत नसलं तर शिक. बाहीला मी हात लावायची न्हाई."

तव्हा त्याला याद आली. दाभन उचललं. जिलबीवानी वाकडेतिकडे टाके मारले, बोट टोचून घेतलं आन गेला.

टेम्पोच्या फटीतून बगितलं. कुत्रं आडोशापुढं नुसतं भुकलं, उभ्या मानसाला चावायचं नसतं. त्यो पळाला तसं झेपावून बाही गच्च धरली. नरम काठीचे दोन तडाखे बसले तरी सोडंना. सुभेदार "सोड" म्हनले, तव्हाच सोडली. शेवटाला बाहीवाल्यानं हातातून बाही ढिली करून दिली, आन ते ती तोंडात धरून मैदानभर मिरवलं.

पास झालं. आडत्यानं जीपमधी चढवलं. माझ्या पिशवीत भाकर व्हती, दिली न्हाई. जीप टेम्पोच्या बाजूनं गेली तव्हा त्यानं नाक वर केलं. मी हालले न्हाई.

दुसऱ्या दिशी सुभेदारांनी बाही माझ्या खोलीत आनून ठुवली. म्हनले, "बाई, आता लावा हात. हरकत न्हाई."

मी ते जिलबीवानी टाके उसवले आन नव्यानं शिवायला बसले. मधीच खोकला आला. तोंडात पदर कोंबायला गेले, मंग याद आली, आता कामून? मोकळी खोकले.