शुभांगी वहिनीचे पाच विळे

शुभांगी वहिनीची बातमी सगळ्या भावकीला मी दिली. मुद्दाम नाही, पण दिली मीच.

घोटावड्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. शिक्षण पिरंगुटच्या पुढं गेलं नाही, तरी रोहितला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा गावाचा गैरसमज आहे आणि तो मी धंद्यासाठी जपून ठेवलाय. त्या मंगळवारी वहिनीनं मला व्हॉट्सॲपवर चार पानं पाठवली, प्रिंट काढायला. मी एका हातानं कुणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेट करत होतो. दुसऱ्या हातानं ती पानं दुकानाच्या नंबरवर पाठवायला गेलो आणि ती गेली भावकीच्या ग्रुपवर. ग्रुपात एकशे बासष्ट माणसं.

पहिल्याच पानावर मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव, त्याखाली वहिनीचं पूर्ण नाव, आणि पुढं तिच्याच अक्षरात उत्तरं. 'वस्तू हरवतात का?' – 'रोज.' 'सुरू केलेलं काम अर्धवट राहतं का?' – 'हा फॉर्म भरायला नऊ दिवस लागले.'

तीन मिनिटांत मी डिलीट केलं. तोवर एका काकांनी न वाचताच 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं होतं, दोघांनी हात जोडले होते आणि एका चुलतीनं विचारलं होतं, 'कधीपासून?'

वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची, कैलासदादाची बायको. दादानं रस्त्याकडची जमीन कंपनीला दिली आणि उरलेल्या तुकड्यावर नऊ खोल्या बांधून भाड्यानं लावल्या. त्या खोल्यांचा कारभार वहिनीकडं. कारभार कसा, तर सकाळी ती टाकी भरायला मोटार चालू करते. परत येताना दोरीवरचे कपडे दिसतात म्हणून ते काढायला लागते. चार काढून होतात तोवर सात नंबरवाला किल्ली मागतो. किल्ली शोधायला आत जाते तर गव्हाचा डबा उघडा दिसतो. तासाभरानं टाकीचं पाणी रस्त्यावर आणि चार कपडे गव्हाच्या डब्यावर. किल्ली कंबरेलाच असते.

हीच बाई एका बैठकीत लग्नाचे पाचशे लाडू वळते आणि नऊही खोल्यांतल्या पोरांच्या आयांची नावं तिला पाठ. गाव तिला वेंधळी म्हणतं. बाकीचे मागं म्हणतात, मी तोंडावर म्हणायचो, आणि ती हसायचीसुद्धा.

जूनमध्ये तिचं हसणं बंद झालं. तिसरीतली लेक शाळेच्या फाटकाशी दीड तास बसून राहिली आणि वहिनी तेव्हा खोल्यांच्या गेटचा गंज खरवडत बसली होती. गंज दिसला, हातात पॉलिश पेपर आला, आणि लेक डोक्यातूनच गेली. त्यावर दादा काय बोलला ते मी इथं लिहीत नाही.

पाच नंबरच्या खोलीत स्नेहल नावाची मुलगी राहते, हिंजवडीला कामाला आहे. तिनं वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, की मलाही हेच आहे, याला एडीएचडी म्हणतात, लक्ष एका जागी टिकत नाही, मला सव्विसाव्या वर्षी कळलं. आणि डॉक्टरांचा नंबर दिला. साडी आणायला जाते असं सांगून वहिनी एसटीनं कोथरूडला गेली, आणि साडी न आणता फॉर्म घेऊन आली. साडी कुठाय, असं घरात एकानंही विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक अट घातली होती. हे लहानपणापासून आहे की आत्ताच्या दगदगीचं आहे, ते कळायला हवं. म्हणून बारा वर्षांच्या आतलं तुमचं वागणं ज्यानं पाहिलंय असा माणूस पुढच्या शनिवारी घेऊन या. म्हणजे आई नाहीतर बाप. वहिनी त्यांना गोडीगुलाबीनं सांगणार होती. त्याआधी मी सांगून बसलो.

मंगळवारी दुपारपर्यंत बातमी मालेला, तिच्या माहेरी पोचली. तिच्या आईनं फोन करून कळवलं, की आमच्या पोरीला कायबी झालेलं न्हाई आणि आमी कुटं सांगायला येणार न्हाई. दादा दुकानात येऊन मला म्हणाला, "आळसावर औषध निघालं व्हय रे आता?" गाडी मिळणार नाही हेही तो सांगून गेला.

संध्याकाळी वहिनी आली. मी शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिलो. तिनं फोन काउंटरवर ठेवला.

"भावजी, मला येवढंच कळायचंय, मी आळशी हाय का मला काय हाय. आळशी आसंन तर तसं सांगू द्या, मी ऐकून घेईन. पन कुनीतरी नीट बघून सांगू द्या."

मी मान खाली घातली. ती पुढं म्हणाली, "तुमच्यापायी झालंय. परवा गाडी काढा, मालेला जायचंय." आणि गेली. फोन काउंटरवरच राहिला.

गुरुवारी मी तिला मोटारसायकलवर घेऊन गेलो. तिच्या आईनं, आशालता मावशींनी, चहा केला, पापड तळले आणि माझ्याकडं बघत सांगितलं, "पोर लई शांत. वस्तू जागच्या जागी. काय म्हनून सांगायला लागायचं न्हाई."

हे मी आधी ऐकलं होतं. चौदा वर्षांपूर्वी याच घरात बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, दोनदा पोहे खाल्ले होते, आणि मावशी हेच बोलल्या होत्या, याच शब्दांत. लग्न झालं, नात तिसरीत गेली, पण मावशींच्या लेखी तो कार्यक्रम अजून चालूच होता. कारण समोर मी बसलो होतो, सासरचा माणूस. आज खरं बोलायचं म्हणजे तेव्हा खोटं बोललो हे कबूल करायचं. वहिनी खाली मान घालून पापडाचे तुकडे करत होती.

अडचण मीच होतो, म्हणून पाण्याचं निमित्त करून पडवीत गेलो. माठातलं पाणी घ्यायला ओगराळं उचललं, तर ते सुतळीनं खुंटीला बांधलेलं. शेजारची बॅटरीही बांधलेली. आरशाला कंगवा, कडीला किल्ली, बरणीला तिचं झाकण. खांबाला विळा, त्याला सुटी गाठ, ओढली की सुटणारी. घरातली हलणारी प्रत्येक वस्तू कशाला तरी बांधलेली होती. बाजेवर वहिनीचे वडील, नरहरी तात्या, बसले होते. मी विचारलं, हे काय.

"शुभा हरवायची," ते म्हणाले. "दुसरी-तिसरीत आसल्यापासनं."

"पण तात्या, लग्नाला चौदा वर्षं झाली. मग सोडलं का नाही?"

"सोडून काय करायचं? येती की दिवाळीला."

मी खिशातून फॉर्मची आईबापांसाठीची पानं काढली आणि तिथंच बाजेवर बसून एकेक प्रश्न विचारायला लागलो. तात्यांकडं प्रत्येकाला एक हकिगत होती. मास्तरांनी वही आणायला घरी पाठवली तर पोर संध्याकाळी ओढ्यावर सापडली, खेकड्याचं बीळ बघत. शेतावर भाकरी घेऊन पाठवली तर शेतावर पोचली, भाकरी नाही. अकराव्या वर्षी भात कापणीच्या एका हंगामात तिनं चार विळे हरवले.

"पाच," आतून आवाज आला.

मावशी उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. खोटं त्या चौदा वर्षं बोलत आल्या होत्या, पण चुकलेला आकडा त्यांना सोसला नाही. "पाचवा कोंडाबाईचा. मागून आनलेला. त्यो आजून दिला न्हाई."

मग त्या उंबऱ्यातच बसल्या आणि अर्धा तास बोलत राहिल्या. तात्यांना बोलायला जागा मिळाली नाही. माझं पेन संपलं, तर बरणीमागून त्यांनी पेन काढून दिलं. तेही बांधलेलं होतं, म्हणून उरलेली उत्तरं मी बरणीजवळ उभा राहून लिहिली. शेवटी त्या मला म्हणाल्या, "हे तुमच्याकडं सांगायचं न्हाई. फसवून दिली म्हनतील."

मी म्हटलं, "मावशी, घोटावड्यात सगळ्यांना माहितीये. लपवताय फक्त तुम्ही."

वहिनी त्यांच्या मागं येऊन उभी राहिली होती. "म्हंजे मी तवापासनं अशीच हाय?"

"तवापासनं," मावशी म्हणाल्या. "मारलं बी लई त्यापायी. मला वाटायचं, मुद्दाम करती."

वहिनी आईशेजारी उंबऱ्यात बसली आणि तिथं दोघींना पुरेल एवढी जागा नव्हती.

परत येताना वहिनीनं पौडला गाडी थांबवायला लावली आणि एक नवा विळा घेतला. कोंडाबाई मालेच्या वरच्या वाडीतली, कापणीला मजुरीनं यायची. स्वतःचा विळा असेल त्यालाच काम, म्हणून त्या साली तिचे चार दिवस बुडाले होते. विळा माझ्या हातानं देते, वहिनी म्हणाली, मी हरवलाय.

शनिवारी सकाळच्या एसटीनं तात्या आणि नव्या लुगड्यात मावशी घोटावड्याला उतरले. आता सासू-सासरे दारात आल्यावर त्यांना पुन्हा एसटीत बसवायचं, हे कैलासदादाला जमणारं नव्हतं. गावानं काय म्हटलं असतं? त्यानं गाडी काढली. मावशी पुढं बसल्या. दवाखान्यात दादा बाहेर मोबाइलमध्ये बघत बसला आणि आत मावशींनी पाचही विळे क्रमानं सांगितले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून, आणखी बरंच विचारून सांगितलं, की हो, एडीएचडी आहे, लहानपणापासून आहे. गोळ्या देऊ, काही सवयी लावू, त्यानं बरंच सोपं होईल, सगळं नाही.

"म्हंजे आळशी न्हाई ना?" वहिनीनं विचारलं.

"नाही."

"मग तेवढं कागदावर लिहून द्या."

बाईंनी लिहून दिलं. चांदणी चौकाच्या सिग्नलला दादानं तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यानं टाकी भरली की आपोआप बंद होणारी मोटार बसवली. दादा इतकंच बोलतो.

मी वहिनीला विचारलं, ग्रुपवर काय सांगू. ती म्हणाली, "टाका की. तवा चार पानं टाकली, आता कागदावरची एकच ओळ टाका." मी टाकली. त्या काकांनी पुन्हा न वाचता 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं, आणि या वेळी ते बरोबर बसलं.

राहिला विळा. गुरुवारी मालेवरून आल्यावर फॉर्मची झेरॉक्स काढताना वहिनी तो माझ्या काउंटरवर विसरून गेली, पेपरात गुंडाळलेला. तीनदा आठवण केली, तीनदा 'उद्या नेते' म्हणाली. मीच देऊन येतो म्हटलं तर ऐकत नाही. तिकडं कापणी निम्म्यावर आली. परवा एक गिऱ्हाईक आपलाच समजून तो पिशवीत घालायला लागलं, तेव्हापासून मी त्याला सुतळीनं काउंटरच्या पायाला बांधून ठेवलाय.