लाल भिंतीचा हट्ट

पाथरीत सायकलवर गाठोडं बांधून मी साड्या विकल्या, तेव्हा कुठे स्वतःचं दुकान झालं. ज्या धाकट्या भावाला धंदा शिकवला, त्यानेच समोर दुकान थाटलं. म्हणून मला दुकानाच्या आतल्या भिंती भडक लाल हव्या होत्या. लाल रंग शुभ, नव्या नवरीचा. शिवाय रस्त्यापलीकडे भावाच्या डोळ्यांत खुपला पाहिजे. रंगाऱ्याला मी हे सगळं तावातावाने सांगितलं.

तो वाळकुडा माणूस होता. त्याचं नाव मी विचारलं नाही, मजुरी मात्र घासून कमी करून घेतली. त्याने हातभर भिंतीला लाल रंग मारला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. वाळल्यावर एकदम वळून ताज्या नजरेने बघितलं, मग एक पिवळी साडी उचलून तिथे धरली. लाल भिंतीच्या झाकेने ती चक्क नारिंगी दिसली.

“बघा शेठ. बाई खरा रंग बघायला साडी घेऊन उजेडात जाईल, उंबऱ्यावर. तिथून समोर कुणाचं दुकान दिसतंय?”

मी भडकलो. “तुला रंग द्यायला बोलावलंय, अक्कल द्यायला न्हाई!”

तो शांतपणे ब्रश पुसत राहिला. “लाल रंगात बसून माणूस तापतंय. तुमी तर आधीच लय तापलेले. हा रंग गिऱ्हाइकासाठी हाय का भावासाठी?”

मी लाल रंगाच्या डब्याला झाकण लावलं. भिंती दुधी रंगाच्या झाल्या.

बायका आता आत बसूनच साड्या निवडतात. उंबऱ्यावर मी एकटाच जाऊन उभा राहतो, समोर बघत.