बजाबाईंनी राखलेलं पाणी

माझ्या सासूबाईंचं डोकं फिरलंय, असं मला त्या उन्हाळ्यात अगदी मनापासून वाटत होतं. बजाबाई त्यांचं नाव. मी आत्या म्हणते. मोहोळजवळ आमची डाळिंबाची बाग आहे, सासरे गेल्यावर आत्यांनी एकटीनं लावलेली. मी आणि माझे मिस्टर सोलापुरात नोकरीला, सात रस्त्याजवळ खोली घेऊन राहतो आणि रविवारी गावाकडे जातो. बागेतलं एखादं झाड वाळलं तर आत्या त्या दिवशी जेवत नाहीत. तेव्हा दुष्काळात बाग जगते की जाते, घरात दुसरा विषयच नव्हता.

विहीर सामाईक. आत्यांची आणि त्यांच्या धाकट्या दिराची, कोंडीबातात्यांची. वाटणीच्या वेळी भावकीनं बसून ठरवून दिलेलं, एक दिवस यांची बारी, एक दिवस त्यांची. ज्याच्या बारीला विहिरीत जेवढं पाणी असेल तेवढं त्याचं, दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. तसंही तोंड कोण उघडतंय! त्याच वाटणीत बांधावरच्या चिंचेवरून भांडण झालं आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं ते झालंच. सणासुदीला वाटीभर खीरसुद्धा इकडची तिकडे गेली नाही.

पाऊस दगा देऊन गेला तसं गावानं श्रमदान काढलं. माळावर चर खणले, नाला खोल केला, आत्या टिकाव घेऊन सगळ्यांच्या पुढे. श्रमदानाच्या शिबिराला आलेल्या मॅडमनी सांगितलं, ठिबक करा, झाडाच्या बुडाला उसाचं पाचट पसरा आणि उरेल ते पाणी विहिरीतच राहू द्या, ती तुमची ठेव. आत्यांनी शब्द न् शब्द पाळला. निम्म्या पाण्यात बागेचं भागायला लागलं. मग आपल्या बारीला त्या मध्येच मोटार बंद करायच्या, वाकून विहिरीत बघायच्या आणि स्वतःशीच हसायच्या.

दुसऱ्या दिवशी कोंडीबातात्या यायचे, स्टार्टर दाबायचे आणि तळ दिसेपर्यंत उपसायचे. त्यांचा ऊस. तोही पाटाच्या पाण्यावर!

ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो आत्या, तुम्ही हे राखताय कुणासाठी? ठेव म्हणे! खातं दोघांचं आणि काढणारा एकटाच!"

"मॅडमनी सांगितलं हुतं की, राखायचं."

"मॅडमना काय माहीत तुमच्या बारीचं?"

"मग काय करू? समदं उपसू? उपसून वतू कुटं? झाडांना तर नको हाय."

शेततळ्यात भरून ठेवावं म्हटलं, तर श्रमदान समितीचा माणूस म्हणाला, विहिरीतलं पाणी वर काढून उन्हात ठेवता का, उडून जाईल की सगळं. मग विहिरीत ठेवलं तर ते दुसऱ्याच्या उसाला जातं त्याचं काय, असं विचारलं, तर त्या माणसानं डोकं खाजवलं आणि बारीचा प्रश्न शिबिरात येत नाही म्हणाला. म्हणजे शहाण्यासारखं वागायचं आणि आपणच कोरडं राहायचं? खरं सांगते, त्या दिवसांत बरोबर काय आणि चूक काय, हेच मला कळेनासं झालं होतं.

ऊन वाढलं, झरे आटत आले. आत्यांच्या बारीला मोटार जराशी चालायची आणि पाणी सरून हवा धरायची. बागेतल्या कडेच्या ओळीची पानं गळाली. आत्यांनी ताट सरकवून द्यायला सुरुवात केली.

अशा एका रविवारी कोंडीबातात्या दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत साडी, खण, नारळ.

"वहिनी, लई दिस बघतोय मी. तुमी दर बारीला निम्मं पानी माझ्यासाठी ठिवत आलाय. आदी वाटलं, चुकून ऱ्हायलं असंल. पन चुकून दर बारीला ऱ्हातंय व्हय? माझा ऊस तुमी जगवला. आन् मी गाढव एका चिंचंपायी तोंड फिरवून बसलो." एवढं बोलून तो म्हातारा चक्क रडायलाच लागला.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं, मी आत्यांकडे. हो, तुमच्यासाठीच राखलं म्हणावं तर बाग जाते, नाही म्हणावं तर इतक्या वर्षांनी उंबऱ्यात आलेला माणूस जातो. अरे देवा, हे काय होऊन बसलं!

"बसा, भावजी," आत्या म्हणाल्या. चहा झाला. तात्यांनी बशी तोंडाला लावली तेव्हा आत्या हळूच बोलल्या, "पानी मी तुमच्यासाठी ठिवलं न्हवतं. माझ्या झाडांसाठी ठिवलं हुतं."

बशी तशीच हातात राहिली. "मग मला सांगायचं की, वहिनी."

"कसं सांगनार? बोलत हुतो व्हय आपन?"

तात्या उठून गेले. साडी बाजेवरच राहिली, ती दिली की विसरली ते कळलं नाही. मी आत्यांवर उखडले, आजच्या दिवस गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? आणि लगेच वाटलं, अगं, हेच तर तुला त्यांच्या तोंडून हवं होतं ना!

सोमवारी तात्यांची बारी. मी रजा टाकून थांबले. लाईट आली, ऊन चढलं, तरी मोटारीचा आवाज नाही. मग आत्यांचा फोन वाजला.

"वहिनी, किती येळ चालवू मोटार?"

आत्यांनी फोनवर हात दाबून धरला. बाई घाबरली होती. "काय सांगू गं? थोडं म्हनलं तर त्येचा ऊस जळतोय, लई म्हनलं तर माजी झाडं. ह्ये मी कसं सांगू?"

शेवटी आत्यांनी "हिकडं विहिरीवर या," म्हणून फोन ठेवला आणि पदर खोचून निघाल्या. मी मागोमाग.

विहिरीच्या काठावर दोघंही वाकून आत बघत होती.

"अर्धा तास," आत्या म्हणाल्या.

"अर्ध्या तासात उसाच्या दोन सऱ्याबी भिजत न्हाईत!"

"मग पाचट टाका की उसात. मी दावते."

"पाचटानं तहान भागती व्हय उसाची?"

"माज्या डाळिंबाची भागली की!"

"डाळिंब आन् ऊस एक हाय का, वहिनी?"

आवाज चढत गेले. आता पुन्हा बोलणं बंद पडतंय की काय, या भीतीनं मी मध्ये पडले, "अहो तात्या, अहो आत्या, जरा ऐका—"

"तू गप गं!" दोघंही एकदम माझ्यावर ओरडली आणि पुन्हा एकमेकांकडे वळली.

मी दोन पावलं मागे सरले. मोटार अजून कुणीच चालू केली नव्हती.