आवाज बंद करायचं बटण

आमच्या रिमोटवरचं आवाज बंद करायचं बटण ताईच्या अंगठ्याने झिजलेलं आहे. घरी भयपटात भूत यायच्या बेतात असलं, की ती ते दाबायची आणि म्हणायची, “मुकं भूत काय घाबरवणार?” एकदा मी पैज लावली, की थिएटरात तू शेवटपर्यंत टिकणार नाहीस, मध्येच उठलीस, तर घरी त्या बटणाला हात लावायचा नाही. देवळालीहून बसने आम्ही नाशिकच्या थिएटरात गेलो. अंधार झाला, आवाज खुर्चीतून पाठीत शिरायला लागला, पॉपकॉर्न खाणारी अख्खी रांग थांबली. पडद्यावरची मुलगी तळघराचं दार उघडणार, एवढ्यात ताईने माझे दोन्ही हात ओढून स्वतःच्या कानांवर ठेवले. “दाबून धर, सोडू नकोस.” ती डोळे टक्क उघडे ठेवून बघत राहिली, आणि तिच्या वाट्याचाही आवाज मलाच ऐकावा लागला. दार उघडलं तसा मी असा ओरडलो, की मागची माणसं आधी दचकली आणि मग हसली. “किंचाळणारं बटण पहिल्यांदाच बघितलं,” ताई म्हणाली, आणि पैज जिंकूनच उठली. आता ताई नाही. मी घरी एकटाच भयपट लावतो, भूत येतं तेव्हा आवाज चालूच ठेवतो; हात मात्र आपोआप शेजारच्या रिकाम्या जागेकडे उचलले जातात.