हा राग गोळीचा नाही

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात मला मायग्रेन आहे. खरं तर मला फिट्स येतात. पण नवऱ्याने ठरवून टाकलं, चारचौघांत सांगायचं नाही; पुढे लेकीचं लग्न जमवताना अडचण नको. लेक सातवीत आहे! 'डॅड, सीरियसली?' म्हणते आणि खोलीचं दार लावून घेते.

न्यूरॉलॉजिस्टने मला चित्र काढून समजावलं होतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. ती रसायनं बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. त्या पिशवीवर एक प्रोटीन असतं, ते रसायन बाहेर सोडायला मदत करतं. माझी गोळी नेमकी त्या प्रोटीनला जाऊन चिकटते. फिट्स आटोक्यात राहतात, पण काहींची चिडचिड वाढते. हे शेवटचं तेवढं नवऱ्याने बरोबर लक्षात ठेवलं. तेव्हापासून घरात मला राग येतच नाही, जो येतो तो गोळीला. सिंकमधल्या भांड्यांवरून बोलले तरी, 'तू नाही गं, गोळी बोलतेय.' अस्सा संताप व्हायचा!

गोळी चालू असूनही गणपतीच्या कार्यक्रमात, ऐन आरतीत मी कोसळले. नवरा लेकीला घेऊन गाडीतला प्रसाद आणायला गेला होता. बाकी कुणाला काही माहीतच नव्हतं. कुणी नाकाला कांदा लावला. एका काकूंनी दातखीळ सोडवायला तोंडात स्टीलचा चमचा घातला. शुद्धीवर आले तर पुढचा दात तुटलेला, आणि नवरा सगळ्यांना सांगतोय, 'हिचा मायग्रेन फार वाढलाय हो.'

डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी गोळी त्या प्रोटीनच्या वाटेला जात नाही. जुनी हळूहळू कमी करत बंद केली. आता बायको शांत होणार म्हणून स्वारी खूश.

परवा मंडळाच्या पॉटलकला, सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्याच काकूंनी विचारलं, 'डोकेदुखी कशी आहे गं आता?'

'बरी आहे,' माझ्याआधी नवराच म्हणाला.

माझं टाळकंच सटकलं. 'काकू, डोकेदुखी नाही, मला फिट्स येतात. परत पडले तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ नाईन वन वन लावा.'

नवरा कसंनुसं हसला. 'औषधामुळे जरा चिडते ती...'

'ते औषध कधीच बंद झालंय. हा राग माझा आहे!'

काकू त्याच्याकडे वळल्या. 'अरे, मला माहीत असतं तर मी चमचा घातला असता का रे? तिचा दात मी तोडला!' आणि त्या रडायलाच लागल्या. नवरा प्लेटमधली पुरी चिवडत राहिला.

निघताना गाडीचं दार उघडत म्हणाला, 'डॉक्टरांना सांग, ही गोळीपण तुला सूट होत नाहीये.'

आरतीतल्या त्या फिटपासून मला ड्रायव्हिंग बंद आहे. त्याच्याच शेजारी बसून घरी जावं लागलं.