काढून टाकलेलं गाणं

पेटीवरचा हात उचलून मास्तर विचारायचे, "हे नुस्तं बोलून भागतंय का? मंग गायचं कशाला?" आणि दोन महिने खपून बांधलेलं पद आमच्यादेखत फाडून टाकायचे.

संगीत नाटकं लिहिणारी, त्यांना चालीही लावणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. गाणी किती घालू नि किती नको, असं त्यांना होतं. आमचे मास्तर गाणी काढण्यात तरबेज. मूळचे पिशोरचे, औरंगाबादेत कचेरीत नकलनवीस. पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, मराठी नाटक मोकळेपणानं करता येऊ लागलं, तशी आम्ही काही कारकून-शिक्षक औरंगपुऱ्यात जमलो आणि त्यांना म्होरक्या केलं.

चाली त्यांना बाजारात सापडायच्या. गुलमंडीवर भाजीवालीचा आवाज कुठं चढतो, कुठं पडतो, ते ऐकत पावशेर वांग्यांना अर्धा तास लावायचे. "माणूस बोलतानाच निम्मं गात असतंय," म्हणायचे. "उरलेलं निम्मं आपण करायचं. त्याच्या वरी नाय." आम्ही पाठीमागं हसायचो.

त्यांचं शेवटचं नाटक एका बापाचं होतं. रझाकारांच्या धामधुमीत मुलगा घरातून गेला तो परतला नाही. बाप रोज त्याचं ताट वाढतो. बाप मी. ताटाजवळ माझं पद होतं, आणि खरं सांगतो, नाटकात मी त्या पदासाठीच होतो.

एका तालमीला माझा घसा बसला होता म्हणून ओळी नुसत्या बोललो, "ताट वाढलंय. निवून चाललंय. ये." मास्तरांनी डोळे पुसले.

"भागलं," म्हणाले. "गाणं काढा."

"मास्तर, लोक गाणं ऐकायला येतात."

"एकडाव बापाला बघायला येऊ दे की."

मी मान डोलावली. पण प्रयोगाला भरगच्च थिएटर दिसलं आणि माझी बुद्धी फिरली. ताटाजवळ आलो आणि सरळ गायला लागलो. पहिली ओळ पेटी गप्प होती. मास्तर विंगेतून नुसते बघत होते. दुसऱ्या ओळीला माझा सूर घसरला, तेव्हा मात्र त्यांनी पेटी धरली आणि मला सावरून घेतलं. वन्समोअर आला. तोही त्यांनी वाजवला.

प्रयोगानंतर मी पाया पडायला वाकलो. ते पेटीवर कापड बांधत होते.

"गायलास चांगलं," म्हणाले. "पर त्या बापाचं लेकरू आता कुणाच्या ध्यानात राहील रे?"

त्यांनी पुन्हा नाटक लिहिलं नाही. पुढं वीसेक वर्षं जगले. भेटले की माझ्या तब्येतीची चौकशी करायचे, नाटकाचं नाव काढायचे नाहीत. मी मात्र त्या एका पदावर जालन्यापासून परभणीपर्यंत सत्कार घेत हिंडलो. लाज वाटायची, नाही असं नाही. पण शाल पांघरताना ती आड येत नसे.

त्यांच्या शोकसभेत अध्यक्षांनी मास्तरांचं 'अजरामर पद' म्हणायला मला उभं केलं. पहिल्या रांगेतून मास्तरांच्या पत्नी हलकेच म्हणाल्या, "तेवढं नगं, भाऊ. त्यांच्याबद्दल चार शब्द बोला, बास."

सगळं सभागृह माझ्याकडं बघत होतं. मी डोळे मिटले आणि सूर लावला. संपलं तसं मागून कुणीतरी ओरडलं, "वन्समोअर!"

मी पुन्हा गायलो.