शिशाची पायरी

अक्काच्या सासरी, तेलगावात, सगळ्या घराची पोटं दुखत होती. पोटात पीळ पडायचा, शौचाला होत नसे, अंगात त्राण उरत नसे. माजलगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अक्काच्या सासऱ्यांना तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसली. "पोटात शिसं जातंय," ते म्हणाले. कुठून जातंय, हे त्यांनाही सांगता येईना.

घरच्यांनी मात्र ते लगेच ठरवून टाकलं. भांड्यांना कल्हई करणारा माजलगावचा म्हातारा मुसलमान कारागीर. कथलात शिसं मिसळलं की कल्हई स्वस्तात पडते, हे सगळ्यांना माहीत होतं. आसपासच्या गावांनी त्याला भांडी देणं बंद केलं.

मी तेव्हा हैदराबादला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होते. सुट्टीत आले तेव्हा हे कळलं. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, मला म्हणाले, "तुमी शिकलेल्या. सरकारात अर्ज लिहून द्या त्याच्यावर."

"आधी शिसं कुठं हाय ते बघते," मी म्हणाले. "मग अर्ज."

मी कल्हईवाल्याच्या दुकानात गेले. भट्टी गार पडली होती. त्यानं कथलाची कांडी माझ्यापुढे टाकली. "माल खालिस हाय, बाई. पायजे तेवढा तोडून न्या."

मी कांडीचा तुकडा घेतला. अक्काच्या कल्हई केलेल्या पातेल्यात चिंचेचं पाणी उकळून बाटलीत भरलं. विहिरीचं पाणी घेतलं, मीठ, तिखट, गूळ, ज्वारी आणि ज्वारीचं पीठही घेतलं. परळीहून हैदराबादची गाडी पकडली.

आमच्याकडे पाऱ्याचं यंत्र होतं. केसाएवढं बारीक भोक असलेल्या काचेच्या नळीतून पारा थेंबाथेंबानं द्रावणात पडतो आणि त्या थेंबातूनच वीज जाते. दर थेंब नवा, त्यामुळे आधीच्या थेंबावर बसलेला मळ त्याला लागत नाही. विजेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. द्रावणात शिसं असेल तर एका ठरलेल्या दाबाला प्रवाह एकदम चढतो, पायरीसारखा. जितकं शिसं जास्त, तितकी पायरी उंच. आम्लात कथील आणि शिसं जवळपास एकाच जागी चढतात, म्हणून कांडीचं द्रावण आणि चिंचेचं पाणी मी कॉस्टिक सोड्यात घेतलं. तिथं दोन्ही वेगळी होतात. हे काम माझ्या हाताखालून इतक्या वेळा गेलं होतं की मला धाकधूक अशी वाटलीच नाही.

कथलात शिशाची पायरी नव्हती. चिंचेच्या पाण्यात नव्हती, विहिरीच्या पाण्यात नव्हती, मीठ-तिखट-गुळातही नव्हती. दळलेली ज्वारी जाळून तिची राख आम्लात विरघळवली आणि प्रवाह चढला. त्याच द्रावणात मी मुद्दाम शिसं विरघळवलेलं थोडं पाणी घातलं. पायरी त्याच जागी आणखी उंच झाली. आता शंका उरली नाही. न दळलेल्या ज्वारीत मात्र काहीच नव्हतं. म्हणजे शिसं दाण्यात नव्हतं, दळताना येत होतं.

मी रजा काढून परत तेलगावला गेले. अक्काला म्हटलं, "चल, जात्याचा वरचा दगड उचलू."

खालच्या दगडाच्या मधोमध लोखंडी खिळा होता आणि त्याच्याभोवती करडा, मऊ धातू ओतलेला. नखानं ओरखडा उठला, आत चकचकीत. कडा झिजलेल्या होत्या. ती झीज रोज भाकरीत जात होती.

अक्काचे सासरे दारात उभे होते.

"खिळा हलत व्हता," ते म्हणाले. "शिसं मीच वतलं. मला वाटलं, पक्कं काम झालं."

"तुमाला काय ठावं व्हतं, मामंजी," अक्का म्हणाली.

"आन् त्या कल्हईवाल्याचा तरी काय गुन्हा व्हता?" ते म्हणाले आणि आत गेले.

दाजींनी शिसं खरवडून काढलं आणि बाभळीच्या पाचरी ठोकून खिळा बसवला. घरातलं सगळं पीठ मी स्वतः खड्डा करून पुरलं. बाजाराच्या दिवशी सासरे पागोटं घालून माजलगावला निघाले; मलाही बरोबर घेतलं.

कल्हईवाल्यानं त्यांना बसायला पोतं टाकलं. सासऱ्यांनी झालेलं सगळं सांगितलं आणि हात जोडले.

"मला सांगून काय फायदा, पाटील? माझं कथील चोख हाय, हे मला ठावंच हाय. तिकडं सांगा," म्हणत त्यानं धान्याच्या आडत-दुकानांकडं बोट केलं.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. पण ते गेले. ज्वारीच्या पोत्यांच्या थप्प्यांपाशी उभं राहून, चार गावची माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "कल्हईवाल्याचं कथील चोख हाय. शिसं माझ्या जात्यात व्हतं, मीच वतलं व्हतं."

कुणीतरी विचारलं, "कुणी सांगितलं, पाटील?"

त्यांनी माझ्याकडं हात केला. "आमच्या सुनेच्या भनीनं. तपासून सांगितलं."

लोक माझ्याकडं वळले. पाऱ्याचे थेंब कसे पडतात, हे मग मी तिथंच, पोत्यावर बसून, त्यांना सांगितलं. दुपारपर्यंत माणसं विचारत राहिली, आणि निम्म्यांनी तरी घरी जाऊन आपापली जाती उघडून पाहिली असावीत.